पाव फेरा

४ मे

भाऊजी,

नमस्कार. माझं पत्र बघून दचकू नका, घरी सगळे धडधाकट आहेत. फोन केला असता, पण फोनच्या शेजारच्याच खोलीत हे दिवसभर वाजवत असतात. शिवाय फोनवर तुम्ही मला बोलू देता कुठे? म्हणून लिहिते.

काम तुमच्या वाद्यदुरुस्तीच्या धंद्यातलं आहे. ह्यांच्या त्या माणसाएवढ्या डबल बासला चाकांची घोडी बसवायची आहे. तीच ती, जिच्यावरून तुम्हा दोघा भावांचं वाजलं होतं. तारांखाली लाकडाची घोडी उभी असते, तिचे पाय मधोमध कापायचे, आत पितळेची चाकं घालायची, मग चाक फिरवलं की घोडी उंच-बुटकी होते आणि तारा वर-खाली करता येतात, असं तुम्ही जेवता जेवता समजावत होतात. आणि हे म्हणाले होते, "पाय कापायची एवढी हौस असेल तर स्वतःचे काप." तेव्हापासून तुम्ही दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलता. मी म्हणजे तुमचं टपालखातं झाले आहे, तेही बिनपगारी.

आता गरज का पडली ते सांगते. ह्यांचा ऑर्केस्ट्रा नव्या सभागृहात गेला. तिथे हवा कोरडी करणारं यंत्र सकाळपासून घरघरत असतं. त्या कोरड्या हवेनं बासच्या तारा फार वर आल्या आहेत. दाबायला जड जातात आणि तालमीहून आल्यावर ह्यांची बोटं दुखतात. तारा थोड्या खाली आणता आल्या तर बरं होईल.

ह्यांना विचारलं. मला वाटलं होतं घर डोक्यावर घेतील. ते म्हणाले, "काप म्हणावं." आणि पेपर वाचत बसले. मी परत विचारलं, नीट ऐकलंत ना, घोडीचे पाय कापायचे आहेत. म्हणाले, "ऐकलं. काप म्हणावं."

तेव्हा कधी येता ते कळवा. आणि जरा लवकर या, आढेवेढे नकोत.

तुमची वहिनी

९ मे

वहिनी,

"काप म्हणावं." हे दोन शब्द मी दुकानात तीनदा मोठ्यानं वाचले. एक गिऱ्हाईक व्हायोलिन घेऊन उभं होतं, ते घाबरून वाद्य परत पिशवीत घालायला लागलं. सांग दादाला, सूर्य पश्चिमेला उगवला. सांग त्याला, की दीर म्हणाला, देर आये दुरुस्त आये. नको, काही सांगू नकोस, नाहीतर त्याचं डोकं फिरेल आणि माझी करवत जागच्या जागी राहील.

बाकी, माझा भाऊ शहाणा झाला ह्या आनंदात मी दोन दिवस होतो. तिसऱ्या दिवशी तुझं पत्र परत वाचलं आणि काढून ठेवलेली करवत परत खिळ्याला टांगली. वहिनी, तू चष्म्याच्या दुकानात बसतेस. लोकांच्या नाकावरचे स्क्रू पिळतेस, अर्ध्या केसाचा फरक तुला दिसतो. मग आपल्या दिरालाच आंधळा कशी समजलीस?

कोरड्या हवेत तारा वर जात नाहीत गं. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, बासचं पोट, म्हणजे पुढची फळी, खाली बसतं, त्यावर उभी असलेली घोडीही खाली येते आणि तारा खालच्या, बोटं दाबायच्या पट्टीजवळ येतात. ओल्या हवेत फुगून वर जातात. हे माझ्या दुकानात झाडू मारणाऱ्यालाही माहीत आहे. तुझ्या घरात तर हा माणूस इतकी वर्षं बास वाजवतोय, तुला माहीत नाही असं होणार नाही. म्हणजे एक तर तुझी गल्लत झाली, नाहीतर तू मला टोपी घालते आहेस. गल्लत तुझी होत नाही.

दादाला घोडी उतरवायची घाई का आहे? का तुला आहे? खरं सांगितल्याशिवाय मी करवतीला हात लावणार नाही. मला रात्री झोप नाही, दुकानात लक्ष नाही, एका माणसाच्या चेलोला उलटी तार चढवली काल. लवकर लिही.

तुझा दीर

१४ मे

भाऊजी,

पकडलंत. हवेचं सांगताना मला स्वतःलाच पटत नव्हतं, पण खरं कागदावर लिहायला हात धजेना.

ह्यांचा डावा हात जातोय. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. आधी कप निसटला. मग शर्टाची बटणं उजव्या हातानं लावायला लागले, तेही पाठमोरे उभे राहून. बरणीचं झाकण उघडायला मला देतात आणि म्हणतात, "तू बंदच फार घट्ट करतेस." दर वेळी तेच. मी आपली हो म्हणते. वाजवताना खालच्या जाड तारेवर बोट दाबतात आणि सूर मधेच फाटतो. मग थांबतात, गजाला राळ लावतात, जणू दोष गजाचा आहे. एका दिवसात किती वेळा राळ लावावी माणसानं? ती वडी निम्मी झाली आहे.

बोलत काहीच नाहीत. मी एकदा म्हटलं, डॉक्टरकडे जाऊन येऊ या का, तर म्हणाले, "कोणाला काय झालंय?" आणि तिकडे तोंड फिरवून बसले. मी पुढे विचारू शकले नाही. भाऊजी, मला भीती वाटते. ह्यांना कळलं की हात जातोय, तर हा माणूस दुसऱ्या दिवशी उठणार कशासाठी? बास सोडून ह्यांना काय येतं? भाजी आणायला पाठवलं तर पिशवी विसरून येतात. सप्टेंबरच्या कार्यक्रमात एका जागी सगळा ऑर्केस्ट्रा गप्प बसतो आणि एकटा बास वाजतो. ती जागा ह्यांची आहे. संचालक नवीन आहे, तरुण आहे, त्याचा कान तिखट आहे. ती जागा बिघडली की ह्यांची खुर्ची गेली, आणि का गेली ते सगळ्यांना कळणार, ह्यांनासुद्धा.

म्हणून मला ती चाकं हवी आहेत. तारा खाली आल्या की दाबायला कमी जोर लागतो, हे मला कळतं. एकदम खाली आणल्या तर ह्यांना समजेल. पण रोज वापरायचा चष्मा जसा आम्ही गिऱ्हाइकाच्या नकळत कानामागे अगदी थोडा वाकवतो आणि त्याला वाटतं आपल्याच नाकाला सवय झाली, तसं थोडं थोडं करायचं. ते दाढीला गेले की मी चाक फिरवणार. त्यांना वाटेल, हात सुधारतोय.

हे चुकीचं असेल तर असू दे. तुम्ही फक्त घोडी करा.

वहिनी

२० मे

वहिनी,

तुझं पत्र वाचून मी दुकान बंद केलं आणि रस्त्याच्या शेवटापर्यंत चालत गेलो, मग परत आलो, मग कुलूप लावलं की नाही म्हणून बघायला परत गेलो. अशी माझी तऱ्हा.

मला हे पटत नाही, आधीच सांगतो. तो माझा थोरला भाऊ आहे. त्यानं माझा कान धरून मला सूर शिकवले, आणि आता मी त्याच्या पाठीमागे त्याच्याच बायकोशी कट करून त्याच्या वाद्याचे पाय कापायचे? पण तुला नाही म्हणायला माझ्याकडे दुसरं काय आहे? दुसरं काही असतं तर नाही म्हटलं असतं. येतो.

फक्त एक ऐकून ठेव. घोडी खाली आणायलाही तळ असतो. तारा पट्टीच्या फार जवळ गेल्या की वाजताना पट्टीवर आपटतात, खरखर येते. त्याच्याही आधी आवाज बारीक होतो. घोडी जितकी उंच, तितका तारांचा भार पोटावर जास्त आणि आवाज तितका भरदार. तू जसजशी खाली आणशील तसतसा दादाचा हात सुटा होईल आणि बासचा गळा बसत जाईल. तिखट कानाच्या संचालकाला हे ऐकू येणार नाही असं समजू नकोस. म्हणजे आपण फक्त वेळ विकत घेतोय. सप्टेंबरपर्यंत पुरेल असं बघू.

जुन्या घोडीचेच पाय कापू म्हणतो. नवी केली तर महिना जाईल. दोन जूनला पोचतो. दादाला सांग, भांडायचं असेल तर भांड, पण उजेड धरायला बस.

तुझा दीर

८ जून

वहिनी,

सुखरूप पोचलो. तू दिलेला डबा गाडीत बसल्याबसल्याच संपवला, त्यामुळे घरी येऊन उपाशी झोपलो. चूक माझीच.

माझी जी फजिती झाली ती इथे कोणाला सांगू नकोस, म्हणजे तिथेही. इतकी वर्षं ह्या कामाची फुशारकी मारतोय आणि सख्ख्या भावासमोर पहिल्याच पायाचं भोक तिरकं पाडलं. दोन्ही भोकं एकमेकांना अगदी समांतर लागतात, नाहीतर दोन चाकं फिरवताना पाय फाकतात आणि चाक अडकून बसतं. बसलंच ना. मी मोजलं होतं, खूण केली होती, सगळं केलं होतं. पण दादा टॉर्च धरून बसला होता आणि मी भोक पाडताना एकदा वर बघितलं. त्यानं टॉर्च दोन्ही हातांनी धरली होती. एवढीशी टॉर्च. माझा हात हलला.

मग भोकात लाकडाची खुंटी ठोकून, सरस घालून, वाळवून परत पाडलं, ते तू पाहिलंसच. दादा काय म्हणाला ते तू स्वयंपाकघरात होतीस म्हणून ऐकलं नाहीस. म्हणाला, "घाई नको करूस." एवढंच. ज्या माणसानं माझ्याशी इतके दिवस तोंड उघडलं नव्हतं, तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. मी मग जी बडबड सुरू केली ती गाडीत बसेपर्यंत. गप्प बसलो असतो तर रडलो असतो.

असो. सूचना. दर आठवड्याला पाव फेरा, जास्त नाही. दोन्ही चाकं सारखी. एका वेळी एकाच आठवड्याचा पाव फेरा, हावरटपणा करायचा नाही. फिरवून झाल्यावर घोडी बाजूनं बघायची, सरळ उभी आहे की पट्टीकडे कलली आहे. कलली असेल तर दोन्ही हातांनी हळूच मागे घ्यायची. ह्या बेतानं हिवाळा येईपर्यंत खरखर यायची नाही. मी हिशेब करून आटे पाडलेत.

चाकावर बोटांचे डाग पडू देऊ नकोस. पितळ चुगली करतं.

तुझा दीर

२ जुलै

भाऊजी,

जमतंय.

पहिल्यांदा फिरवताना चाक दोनदा माझ्या बोटांतून निसटलं. आता सरावले. न्हाणीघरात नळ सुटला की मी खोलीत. चाक फिरवायचं, घोडी बघायची, पदरानं चाक पुसायचं, बाहेर येऊन भाजी चिरायला बसायचं. नळ बंद होतो तेव्हा मी दुसरा कांदा घेतलेला असतो. दुकानात शेठ विचारत होते, अलीकडे तुम्ही सारख्या घड्याळाकडे का बघता. काय सांगू त्यांना?

फिरवलं की तारा किंचित उतरतात, सूर ढिला होतो, हे तुम्ही सांगितलं नव्हतंत. पहिल्या दिवशी ह्यांनी बास घेतला, तार छेडली आणि माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हवा बदललेली दिसते." आणि खुंट्या पिळल्या. आता रोजच म्हणतात, हवा बदलली. मीही म्हणते, हो ना, काय ही हवा.

पण परवा त्यांनी ती सप्टेंबरची जागा पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबता वाजवली. राळेला हात लावला नाही. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होते. संपल्यावर आत आले आणि स्वतःहून म्हणाले, "आज बरं झालं." भाऊजी, मला इतका आनंद झाला की स्वतःची लाजच वाटली. नवऱ्याला फसवून आनंद होतो का कोणाला? मला झाला.

आवाज बारीक झालाय का? मला कळत नाही. मला वाटतं झाला नाही. कृपा करून तुम्हीही झाला असेल असं लिहू नका.

वहिनी

३० जुलै

भाऊजी,

खरखर आली. काल संध्याकाळी, जाड तारेवर, पट्टीच्या वरच्या बाजूला. आधी मला वाटलं खिडकीची काच थरथरतेय, मी जाऊन खिडकी घट्ट लावली. परत आली. हे थांबले, तारेकडे बघत राहिले, मग दुसरं काहीतरी वाजवायला लागले.

तुम्ही हिवाळ्यापर्यंत म्हणाला होतात. अजून पावसाळाही सरला नाही. कार्यक्रमाला महिना उरलाय. आता काय करू? परत वर नेऊ? नेलं तर हात दुखेल आणि सगळं ध्यानात येईल. घोडी कललेली नाही, बघितलं. तुमचा हिशेब चुकला का? चुकला असेल तर सरळ सांगा, मी रागावणार नाही. पण लगेच लिहा.

वहिनी

४ ऑगस्ट

वहिनी,

हिशेब चुकलेला नाही. पत्र आल्याबरोबर मी तशाच जाडीचे आटे काढून परत मोजलं, पेन्सिलीनं, मग पेननं, मग शेजारच्या घड्याळजीला बसवून त्याच्याकडून. तू म्हणतेस तेवढं, दर आठवड्याला पाव फेरा, इतकंच फिरवलं असेल तर तारा अजून पट्टीपासून चांगल्या अंतरावर असायला हव्यात. खरखरीचं नाव नको.

म्हणजे तू जास्त फिरवलंस. खरं सांग. त्यानं "आज बरं झालं" म्हटलं आणि तुला वाटलं, अजून थोडं केलं तर अजून बरं होईल. मी तुला ओळखतो, तू खिरीतही साखर अशीच घालतेस, चव बघून बघून. मी काय सांगितलं होतं? हावरटपणा करायचा नाही. आता घे. बासचा गळा बसला, सप्टेंबर तोंडावर, आणि मी इथे बसून हात चोळतोय.

रागावून लिहितोय, मला कळतंय. पण मला खरा आकडा पाहिजे. किती फिरवलंस?

तुझा दीर

१० ऑगस्ट

भाऊजी,

तुमचं पत्र वाचून माझं डोकं फिरलं. चष्म्याच्या काचेत इकडचं तिकडे झालं तर माणूस जिन्यावरून पडतो. मी पाव म्हणजे पावच फिरवते. खिरीचं बोलायचं तर तुम्ही दोन वाट्या मागून घेता, तेव्हा साखर लागत नाही का?

एवढं मनात म्हटलं आणि मग शांतपणे बसून विचार केला. तुमचा हिशेब बरोबर, माझा हात बरोबर, तर मग काय? आमच्याकडे फ्रेमचा स्क्रू आपोआप ढिला होतो का हे बघायला आम्ही त्याच्यावर सुईच्या टोकाएवढी खूण करतो. तशी मी दोन्ही चाकांवर केली, पेन्सिलीनं, मागच्या बाजूला. आणि स्वतः हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी खूण जागेवर. तिसऱ्या दिवशी जागेवर. मला वाटलं, झालं, आता काय समजायचं. चौथ्या दिवशी मी दुकानातून आले, हे खाली पेपर आणायला गेले होते, आत जाऊन बघितलं. दोन्ही चाकांवरच्या खुणा सरकल्या होत्या. दोन्ही सारख्या, घोडी उतरवायच्या दिशेनं. खाली.

भाऊजी, चाकं आपोआप फिरत नाहीत. सारखी तर मुळीच नाही. माझ्यामागे हे फिरवताहेत. मी दाढीच्या वेळी आणि हे मी दुकानात असताना. एका घरात आम्ही दोघं एकच चाक चोरून फिरवतोय, म्हणून सप्टेंबरच्या आधी तळ आला.

म्हणजे ह्यांना हाताचं माहीत आहे. कधीपासून? माझ्याबद्दलही माहीत आहे का? त्या दिवशी "हवा बदललेली दिसते" म्हणाले तेव्हा माझ्याकडे बघून का म्हणाले? मी आता खोलीतच जात नाही. जेवताना आम्ही समोरासमोर बसतो, हे म्हणतात मीठ दे, मी देते.

वहिनी

१५ ऑगस्ट

वहिनी,

साखरेबद्दल माफ कर.

तुझं पत्र वाचल्यापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरतेय. "काप म्हणावं." मी तीनदा मोठ्यानं वाचलं होतं ते, दुकानात, नाचत होतो. मला वाटलं मी जिंकलो. अगं, त्याला चाकं हवीच होती. तू विचारायच्या आधीपासून हवी होती. मला स्वतःहून विचारायला त्याची जीभ वळली नसती, तू विचारलंस आणि त्यानं पेपराआडून हो म्हटलं. इतकं साधं होतं आणि माझ्या टाळक्यात शिरलं नाही. आणि टॉर्च दोन हातांनी धरली ती मला दिसावी म्हणून तर धरली नव्हती? मला काही कळेनासं झालंय.

आता तू त्याला विचार. माझ्याकडून हे ऐकून तुला चीड येईल, पण हात जोडून सांगतो, विचार. त्याला तुझं कळलं तर कळू दे. तू त्याच्यापासून जे लपवत होतीस ते त्याच्याकडे आधीच आहे. मग राखतेस काय तू?

मी येऊ का? तू नुसतं ये म्हण, मी दुकान आहे तसं टाकून येतो. फोनवर कोणी काही बोलत नाही, नुसतं बरं आहे, बरं आहे. मला त्या बरं आहेचा वीट आलाय.

तुझा दीर

१ सप्टेंबर

भाऊजी,

इतके दिवस लिहिलं नाही, तुम्ही तिकडे येरझाऱ्या घालत असाल हे माहीत असून. सकाळी विचारायचं ठरवायची आणि रात्री न विचारता झोपायची. शेवटी मला विचारावं लागलंच नाही.

शनिवारी मी दुकानातून लवकर आले. ह्यांची तालीम असते त्या वेळी, म्हणजे घरात कोणी नसणार असं धरून आले. दार उघडंच होतं. हे खोलीत बासपुढे गुडघ्यांवर बसले होते. उजव्या हातात चाक होतं, डावा हात घोडीवर. मला बघून उठले नाहीत, दचकलेही नाहीत. मी दारात पिशवी धरून उभी. चोर आधी कोण पकडायचा हे आम्हा दोघांनाही कळेना.

मग हे म्हणाले, "तारा सैल केल्यात मी. तरी फिरत नाहीये. धरायला गेलं की घोडी कलते." खाली आणायला एक बोट पुरतं, भाऊजी, ते आम्ही दोघांनीही केलंच होतं. पण वर न्यायचं तर एका हातानं घोडी घट्ट धरावी लागते, आणि ह्यांचा धरायचा हात धरत नव्हता.

मी म्हटलं, "वर का?"

तेव्हा सांगितलं. डॉक्टरकडे एप्रिलमध्येच गेले होते, एकटे. तालमीला जातो म्हणून. हात परत येणार नाही असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं. मागच्या आठवड्यात खरखर वाढली तेव्हा संचालकाकडे जाऊन आपण होऊन खुर्ची सोडली. सप्टेंबरची जागा आता त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसते ती बाई वाजवणार. तिचा स्वतःचा बास बरा नाही, म्हणून हा तिला द्यायचा ठरवलाय. ती तासाभरात न्यायला येणार होती.

मला राग आला. एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता. मी म्हटलं, एप्रिलपासून माहीत होतं आणि मला सांगितलं नाहीत? मी न्हाणीघराच्या नळाला कान लावून जगत होते, कांदे चिरत होते, तुमच्या भावाला खोटं लिहीत होते. संचालकाला सांगितलंत, मला नाही? मी बरंच बोलले. पिशवीतली अंडी फुटली. हे ऐकून घेत राहिले, गुडघ्यांवर बसल्या बसल्या.

मग म्हणाले, "तू एवढ्या जिवावर उदार होऊन फिरवत होतीस. तुला वाटत होतं, हात सुधारतोय असं मला वाटतंय. तू स्वयंपाकघरात गुणगुणायला लागली होतीस. मला सांगवेना."

"तिच्यासाठी तारा नीट उंचीवर पाहिजेत," हे म्हणाले. "असा गळा बसलेला बास मी कोणाच्या हातात देणार नाही. ये. मी धरतो तेवढं धरतो, तू फिरव. तुझा हात बसलाय."

मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसले. घोडीवर त्यांचा हात, त्यांच्या हातावर माझा डावा हात, आणि उजव्या हातानं मी चाक फिरवलं. जड होतं. पाव, मग अजून पाव. दुसरं चाक. परत पहिलं. दर वेळी हे उठून खुंट्या पिळायचे, तार छेडायचे आणि मान हलवायचे. आवाज वाढत गेला. भाऊजी, मी तुम्हाला लिहिलं होतं ना, आवाज बारीक झाला असं वाटत नाही म्हणून? झाला होता. जून महिन्यापासून ह्या घरात हा आवाज नव्हता आणि मी ऐकूनही ऐकला नव्हता. जाड तार छेडली की गुडघ्यांखालची जमीन थरथरत होती.

खाली गाडीचं दार वाजलं. ती आली असणार. मी म्हटलं, "एवढं पुरे?"

हे तारेखाली बोट घालून अंतर बघत होते. म्हणाले, "अजून थोडं. तिचा हात चांगला आहे."

तुमची वहिनी